आधी पोट, मग ठिपके

आमच्या आजीच्या गोष्टींना तारखा नसत, खुणा असत. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, गांधीवधाच्या सालात, तुझा बाप रांगत होता तेव्हा. नेमकं साल विचारलं की ती वैतागायची. पण एखादं दुखणं सांगायला बसली की त्यातली एकही पायरी मागेपुढे होत नसे. आधी काय झालं, मग काय, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, कोण येऊन काय सांगून गेलं, सगळं ओळीनं. तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या मामाआजोबांचं, लहानपणचं दुखणं तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही भावंडं तिच्या आधी पुढचं वाक्य म्हणायचो.

तर दिवाळी होऊन गेली होती, संक्रांत यायची होती. मुलगा सहा वर्षांचा. आठवडाभर खोकला होता, घसा धरला होता, तो सुटला. मग एका संध्याकाळी ताटावर बसलेला असताना त्यानं पोट धरलं. कळ यायची, थांबायची. आली की गुडघे पोटाशी घेऊन बाजेवर मुटकुळं करून पडायचा, थांबली की उठून गोट्या शोधायला लागायचा. दोन घास पोटात गेले की पुन्हा कळ, पुन्हा ओकारी. पणजीनं जंत म्हणून वावडिंग दिलं. शेजारच्या म्हातारीनं बेंबी सरकल्याचं सांगितलं आणि पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घातला. तांब्या घट्ट बसला, तेव्हा बेंबी जागेवर आली असं ठरलं. रात्री कळ होतीच.

तिसऱ्या दिवशी उजवा घोटा सुजला आणि पोरगं लंगडायला लागलं. ओढ्याकाठी उड्या मारताना मुरगळला असणार, म्हणून गरम तेल चोळलं. चौथ्या दिवशी दिवेलागणीला आजीनं प्रभाकर कंदील जवळ धरला (ओगलेवाडीचा कारखाना कराडच्या उशाशीच, त्यामुळे तो कंदील आमच्याकडे घरोघर) आणि तिला त्याच्या पोटऱ्यांवर तांबडे ठिपके दिसले. मोहरीएवढे. काही एकमेकांत मिसळून जांभळे झालेले. हात फिरवला तर बोटाला लागत होते. घरातल्यांनी एका आवाजात ढेकूण म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाज उन्हात टाकली, तिच्या विणीत उकळतं पाणी ओतलं, गोधड्या धुतल्या. ठिपके कमी व्हायचे सोडून मांड्यांवर आणि ढुंगणावर चढले. अंगावर काही उठलं की त्या काळी घराला एकच भीती. देवी आल्या म्हणून दाराला कडुनिंब लागला, फोडणी बंद झाली, भाताची पेज तेवढी चालू राहिली. आजीचं मत असं की भाऊ त्या पेजेवरच तगला.

मग शी काळी झाली. काळीकुट्ट, चिकट. पणजी ती बघून मटकन खाली बसली. पणजोबांनी मिरजेला न्यायचं ठरवलं. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना काढल्यापासून आमच्या सगळ्या मुलखात जिवावरच्या दुखण्याला मिरज हेच उत्तर होतं. बैलगाडी जुंपली. स्टेशनावर जायचं आणि तिथून मिरजेची गाडी धरायची. निघायच्या वेळेला पोरानं भात मागितला. खाल्ला. कळ आली नाही. बैल सोडले.

पुढच्या महिन्यात ठिपके पुन्हा थोडे उठले आणि गेले. मग श्रेयाची वाटणी झाली. देवीला ओटी, तांब्यावाल्या म्हातारीला लुगडं, आणि ढेकूण मारल्याचं श्रेय पणजोबांनी स्वतःकडे ठेवलं. जो आजार आपला आपण बरा होतो त्याच्यावर गावातल्या किती जणांचं पोट चालतं, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

माझी मावशी सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. एकदा आमच्या घरी मुंजीला आली असताना तिनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, आणि तेल चोळायच्याही आधी म्हणाली, "आणि मग पायांवर पुरळ आलं असणार." आजीला गोष्ट मध्ये तोडलेली खपत नसे. "घोटा राहिला," ती म्हणाली. "आधी घोटा." मावशी हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, खोकला किती दिवस आधी होता, शी कधी काळी झाली, ठिपके पोटावर आले होते का. दोघींचं ते बोलणं मुंजीच्या गडबडीत अर्धा तास चाललं होतं. नंतर मावशीनं आम्हाला नाव सांगितलं, हेनॉक-शोनलाइन परप्युरा. हल्ली डॉक्टर त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. २०१२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजारांची नावं नव्यानं लावली तेव्हा हे बदललं. वॉर्डात अजून 'एचएसपी'च चालतं.

लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा. तीन ते दहा वर्षांची पोरं, बहुतेकदा थंडीचे दिवस, आणि मागच्या आठवडा-दोन आठवड्यांत सर्दी-घशाचं काहीतरी होऊन गेलेलं. आजीच्या गोष्टीत यातलं काहीही सुटलेलं नव्हतं.

या गोष्टीची जुळी गोष्ट मला फार पुढे सापडली, ती लंडनची. विल्यम हेबर्डन हे अठराव्या शतकातले तिथले नाणावलेले डॉक्टर. छातीतल्या कळेला अंजायना पेक्टोरिस हे नाव त्यांनीच दिलं. आयुष्यभर रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी टिपणं ठेवली, नव्वदीत पोचून १८०१ साली ते वारले, आणि पुढच्या वर्षी मुलानं ती टिपणं छापली. त्यांत पाच वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या अंगावर ठिकठिकाणी सूज येते, वेदना होतात. मधूनच पोटात दुखतं, ओकारी होते, आणि तेव्हा शीमध्ये रक्ताच्या रेघा दिसतात, लघवीही तांबूस होते. पाय दुखायला लागला की त्याला चालवत नाही, आणि लगेच पायाची कातडी रक्ताच्या ठिपक्यांनी भरून जाते. तीन-चार दिवसांची उसंत, की सगळं पुन्हा. हेबर्डन यांनी कारण सांगितलं नाही, ते त्यांना ठाऊक असणं शक्यही नव्हतं. त्यांनी ओळीनं लिहून ठेवलं. आमच्या आजीनं ओळीनं सांगितलं. लघवीकडे त्यांचं लक्ष गेलं, आमच्याकडे कुणाचं गेलं नाही, एवढाच फरक. आणि त्या फरकाकडे मला पुढे यावं लागणार आहे.

नंतरच्या जर्मन डॉक्टरांनी हा आजार हप्त्याहप्त्यानं ओळखला. योहान लुकास शोनलाइन यांनी १८३७ साली ठिपके आणि दुखरे सांधे यांची जोडी जुळवली. हे गृहस्थ मोठे शिक्षक होते, पण स्वतः लिहायचा त्यांना कंटाळा. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांनी उतरवून घेतली म्हणून टिकली. त्यांचेच बर्लिनमधले विद्यार्थी एडुआर्ड हेनॉक मुलांचे डॉक्टर झाले, आणि मुलांचे डॉक्टर असल्यामुळेच त्यांच्यासमोर पोट आलं. मोठा माणूस सांधा दाखवतो, मूल पोट दाखवतं. १८७४ साली हेनॉक यांनी लिहिलं की ठिपके आणि सांधे यांच्या जोडीला पोटात जबर कळा येतात, ओकाऱ्या होतात, शीतून रक्त जातं. मूत्रपिंडाचं त्यांनी १८९९ पर्यंत पुरतं नोंदवलं. गुरूच्या वाट्याला पाय आले, शिष्याच्या वाट्याला पोट. पुढे विल्यम ऑस्लर यांनी १८९५ पासून या पोटदुखीवरच सलग निबंध लिहिले, कारण काही रुग्णांत ठिपक्यांचा पत्ता नसताना पोटच दुखत राहतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

इतकं असूनही पोटात नेमकं काय घडतं हे कळायला विसाव्या शतकाची साठी उलटावी लागली. आपल्या नाका-घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर आयजीए नावाची प्रतिपिंडं पहाऱ्याला असतात. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात जाँ बर्जे यांनी १९६८-६९ च्या सुमारास मूत्रपिंडाचे तुकडे खास चकाकणाऱ्या रंगद्रव्यानं तपासले आणि त्यांत याच आयजीएचे थर बसलेले दाखवून दिले, आधी एका निराळ्या मूत्रपिंडविकारात आणि मग या आजारातही. आता असं समजतात की काही मुलांत या प्रतिपिंडांच्या रेणूवरची साखर अपुरी असते. घशात जंतू आला की अशी सदोष प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, त्या गुठळ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि मारामारीत भिंतच फुटते. रक्त बाहेर झिरपतं. कातडीखाली झिरपलं की ठिपका. बोटानं दाबला तरी विरत नाही, कारण ते रक्त आता वाहिनीत नाही. मावशी पारदर्शक काचेचा पेला पायावर दाबून आयांना हे दाखवायची. सांध्याभोवती झिरपलं की सूज. आतड्याच्या भिंतीत झिरपलं की ती भिंत फुगते, आतून जखमा होतात, रक्त शीमध्ये उतरतं. लहान आतड्याला, त्यातही त्याच्या सुरुवातीच्या वळणाला, याचा मार जास्त बसतो. जेवण झाल्यावर आतड्याला रक्त जास्त लागतं आणि सुजलेल्या वाहिन्या ते देऊ शकत नाहीत, म्हणून दोन घास पोटात गेले की कळ.

या आजाराच्या शंभर मुलांतल्या निम्म्याहून अधिकांना पोटाचा त्रास होतो. त्यातल्या बहुतेकांत ठिपके आधी येतात आणि डॉक्टरचं काम सोपं करतात. पण शंभरातली दहा-वीस पोरं अशी असतात की त्यांचं पोट आधी दुखतं आणि कातडी कित्येक दिवस, क्वचित दोन आठवडेही, स्वच्छ राहते. सगळा घोळ या दिवसांत होतो. आमच्या घरात तो एकदा झालेला आहे.

तो माझ्या धाकट्या काकाच्या वेळचा, कोयनेच्या भूकंपाच्या थंडीतला. ही एक तारीख मात्र आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती, ११ डिसेंबर १९६७. काका आठ वर्षांचा. पोटात दुखतंय, ओकाऱ्या होतायत, पोटाला हात लावू देत नाही. गावातल्या एका दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी अपेंडिक्स म्हटलं आणि रातोरात पोट उघडलं. अपेंडिक्स चांगलं निघालं. आजोबा बाहेर उभे होते, त्यांना सर्जननी बोलावून सांगितलं की अपेंडिक्सला काही नव्हतं, लहान आतडं मात्र हातभर सुजलेलं आहे, जांभळे डाग आहेत, असं का ते सांगता येत नाही. अपेंडिक्स काढून पोट शिवलं. घरात पुढे वर्षानुवर्षं या सर्जनच्या नावानं बोटं मोडली गेली. मला ते कधी पटलं नाही. सोनोग्राफी नाही, ठिपका नाही, आणि पोट लाकडासारखं घट्ट. फुटलेलं अपेंडिक्स सोडून देण्यापेक्षा चांगलं अपेंडिक्स काढणं त्या रात्री कमी धोक्याचं होतं. अशी विनाकारण उघडलेली पोटं जगभरात किती असतील.

टाके निघायचे होते तेव्हाच भूकंप झाला. पहाटे चारच्या पुढे. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आमच्याकडेही वाड्यांच्या भिंती खाली आल्या. दवाखान्यातून रुग्णांना उचलून समोरच्या पटांगणात आणलं. काकाला उचलायला कुणी नव्हतं, तो टाक्यांवर हात धरून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला आणि उजाडेपर्यंत थंडीत आजीला टेकून उभा राहिला, कारण जमिनीवर बसायला तो घाबरत होता. जमीन मधूनमधून हलतच होती. उजाडल्यावर आजीनं त्याच्या पायांवर पांघरूण घालायला चादर उचलली. दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली ठिपक्यांनी भरलेले.

दवाखान्यातल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं की पोरानं धसका घेतला आणि भीतीनं अंगावर रक्त उठलं. आमच्या घरातही ही कथा बरीच वर्षं चालली. भूकंपाचा हात त्यात असेलच तर एवढाच, की इतके दिवस पलंगावर आडवा असलेला मुलगा दोन-तीन तास पायांवर उभा राहिला. या आजारातले ठिपके अंगाच्या खालच्या भागात, जिथे रक्ताचा दाब जास्त तिथे, आधी उमटतात. चालत्या-उभ्या मुलाच्या पोटऱ्यांवर, निजलेल्याच्या ढुंगणावर.

आजीनं मात्र धसक्याचं मानलं नाही. ती म्हणाली, "हे मी बघितलंय." तिला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कंदील आठवला होता. ती डॉक्टरांना सांगायला गेली तेव्हा ते कुणाचं फुटलेलं डोकं शिवत होते, त्यांनी हातानंच थांबा म्हटलं. दुपारी ते आपणहून आले, पटांगणात उकिडवे बसले, अंगठ्यानं एक ठिपका दाबून पाहिला आणि तिला विचारलं, "तुमच्या भावाला आधी काय झालं होतं?" आजोबांच्या रोजनिशीत ११ तारखेला भूकंप आणि पडलेली मागची भिंत आहे, आणि दोन दिवसांनी एक ओळ आहे, "डॉ. म्हणतात हेनाक. थांबणे." त्याच डॉक्टरांनी परीक्षानळीत काकाची लघवी घेऊन ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवली होती. गढूळ झाली नाही, म्हणजे प्रथिन जात नव्हतं. काकाला त्या सगळ्या दुखण्यातलं तेवढंच नीट आठवतं, की आपली शू कुणीतरी चहासारखी उकळली.

दोन पिढ्यांत दोन पोरं, म्हणून आमच्या आत्यानं घराण्याच्या रक्तातच दोष असल्याचं ठरवून टाकलं होतं. काही अंगभूत कल असतो, पण हा आजार असा बापाकडून लेकाकडे चालत येत नाही. आमच्याकडे योगायोग होता, आणि तो योगायोग ओळीनं लक्षात ठेवणारी एक बाई होती. पोटावरून फसवणारा हा एकटाच आजार नाही. त्याच १९६७ साली तोक्योमध्ये डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या एका वेगळ्याच दाहाच्या ५० रुग्णांचा अहवाल छापला. पहिला रुग्ण त्यांनी १९६१ साली पाहिला होता. तो आजार हृदयाच्या रोहिण्यांवर घाला घालतो, पण त्यातही पोरं ओकतात, जुलाब होतात, पित्ताशय फुगतं. करोनाच्या लाटांनंतर काही आठवड्यांनी मुलांमध्ये जो तापाचा प्रकार आला, त्यातही पोट इतकं दुखायचं की काही मुलं अपेंडिक्स म्हणून सर्जनकडे पोचली. मावशी तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. फोनवर मला म्हणाली, "पोरांचं पोट दुखलं की पोटाकडेच बघू नका म्हणून आम्ही ओरडून मेलो."

तिचा वॉर्डातला नियम साधा होता. पोट दुखणाऱ्या पोराची आधी चड्डी उतरवा, मोजे उतरवा. शिकाऊ डॉक्टर पोरं लाजायची, ती लाजत नसे. मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ जिथं रुतते तिथं पहिले ठिपके असतात, आणि ढुंगणावर. तिच्या म्हणण्याप्रमाणे निम्मी निदानं चड्डीतच असतात.

तिनं सांगितलेली एक मुलगी मला विसरता येत नाही. ऊसतोडीच्या टोळीतली, सात वर्षांची. गळीत हंगाम भरात होता. पायांवर ठिपके येऊन आठवडा झाला होता, फडात उसाचं पान लागून उठलं असणार म्हणून सोडून दिलेलं. पोट दुखायचं ते कमी झालं होतं. मग एका दुपारी कोपीत ती किंचाळून उठली. कळ आली की पाय पोटात घ्यायची, कळ गेली की गळून गप्प पडायची, आणि पुढची कळ दहा मिनिटांनी. ओकारी हिरवी. शी म्हणून जे आलं त्यात रक्त आणि शेंबूड एवढंच. मुकादमाचा ट्रॅक्टर दवाखान्याच्या दारात आला तेव्हा अंधार पडला होता.

आतड्यात आतडं गेलं होतं. सदरा घाईनं काढताना बाहीचा एक भाग दुसऱ्यात ओढला जातो, तसं. आतड्याच्या भिंतीत रक्त साकळून जो उंचवटा तयार होतो, तो अन्न समजून आतडं पुढं ढकलायला जातं आणि त्याच्याबरोबर स्वतःलाच पुढच्या भागात ओढून घेतं. आत गेलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो. या आजारातल्या शंभर मुलांत असं एक ते पाच जणांत घडतं, पण पोटाच्या सगळ्या गुंतागुंतींत सर्जनला बोलवायला लावणारी मुख्य हीच. आतड्याला भोक पडणं, स्वादुपिंडाला सूज येणं हे त्याहून विरळा. तान्ह्या मुलांत हा प्रकार एरवीही होतो, पण तिथं लहान आतडं मोठ्या आतड्यात शिरतं, आणि गुदद्वारातून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबानं ते पुष्कळदा मागं ढकलता येतं. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ सालापासून ही पाण्याच्या दाबाची युक्ती वापरली. या आजारात निम्म्याहून जास्त वेळा लहान आतडंच लहान आतड्यात जातं. तिथवर तो दाब पोचत नाही. काही वेळा आपोआप सुटतं, नाही सुटलं तर पोट उघडायला लागतं. जोनाथन हचिन्सन यांनी १८७१ साली लंडनमध्ये दोन वर्षांच्या मुलीचं पोट उघडून अडकलेलं आतडं सोडवलं आणि ती जगली, त्याआधी अशा पोरांचं काय व्हायचं ते सांगायला नको. आजीच्या पिढीच्या तोंडी "पोटात पीळ पडून गेला" असं पोर प्रत्येक आळीत एखादं तरी होतं. अशा पोरांच्या पायांवर ठिपके होते की नव्हते, हे सांगणारं आता कुणी नाही.

त्या मुलीच्या सोनोग्राफीत गोलात गोल दिसला. रात्रीच ऑपरेशन झालं. आत गेलेलं आतडं ओढून काढायचं नसतं, फाटतं. खालच्या टोकाकडून बोटांनी दाबत दाबत मागं सरकवायचं. निघालं तेव्हा वीतभर भाग जांभळाकाळा होता. कापायचा की ठेवायचा? सर्जननी त्याच्यावर कोमट सलाइनमध्ये भिजवलेले टॉवेल ठेवले आणि सगळे घड्याळाकडे बघत उभे राहिले. मावशी थिएटरमध्ये नव्हती, पण तिथल्या सिस्टरनं तिला सांगितलेलं ती जसंच्या तसं सांगायची, की पहिल्यांदा कडेनं रंग आला, मग मध्ये, आणि शेवटी तो भाग हलला. तुकडा कापावा लागला नाही. टोळी चार दिवसांनी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेली, बाप तिच्याबरोबर गेला, आई मुलीपाशी राहिली. उचल फिटायची होती.

मावशीच्या मते पोटाच्या कळांवर स्टेरॉइड वेळेवर दिलं तर पोराला लवकर आराम पडतो. हे अभ्यासांनीही दाखवलं आहे. पण तेच औषध मूत्रपिंड वाचवेल असं वाटत होतं, ते मात्र खरं ठरलं नाही. आणि दीर्घकाळचं नुकसान मूत्रपिंडातच होतं. पोट महिन्याभरात थंडावतं, ठिपके तपकिरी होऊन जातात, पोर शाळेत जायला लागतं, आणि लघवीतून न दिसणारं रक्त किंवा प्रथिन जात राहू शकतं. असा त्रास निघायचा तर तो बहुतेकदा पहिल्या महिन्यात आणि जवळजवळ नेहमी सहा महिन्यांच्या आत निघतो. बहुतेक मुलं त्यातूनही बरी होतात, थोडी होत नाहीत. आजीची गोष्ट भाताच्या ताटापाशी संपायची. पोर जेवलं, बैल सोडले, झालं. मामाआजोबांची लघवी कुणी पाहिली नव्हती. ते ऐंशीपर्यंत सुखानं जगले हे त्यांचं नशीब.

गेल्या थंडीत आमच्या शेजारच्या पहिलीतल्या मुलाला हाच आजार झाला. पोट आधी, दोन दिवसांनी मोज्यांची रेघ. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, पण आतडं कुठं शिरलेलं नव्हतं. चार दिवसांत घरी आला. त्याची आई कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या चौकटीतच लाल पेननं 'लघवी' लिहायची, आधी दर आठवड्याला, मग दर महिन्याला. तिसऱ्या महिन्यात त्याला पुन्हा सर्दी झाली आणि घोट्यावर पाच-सहा ठिपके आले. तीनातल्या एका मुलाला असं पुन्हा होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. पोट दुखलं नाही. तपासण्या मात्र आणखी लांबल्या, आणि तिनं नव्या पानांवर लाल पेननं पुन्हा लिहायला घेतलं. मुलगा शेजारी उभा राहून कुठल्या महिन्यात सुट्टी येते ते बघत होता.